चर्चच्या अंगणातलं चूलबंद आवतण

माझा धंदा दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्याचा होता. उधन्यात माझं छोटं दुकान होतं. त्यात माइक, अ‍ॅम्प्लिफायर, कर्णे आणि उभे स्पीकर भाड्याने मिळत. जन्मभर मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात बसलो, त्यामुळे सुरतेतल्या बऱ्याच मान्यवरांची डावी बाजू मला पाठ आहे. उजवी फोटोग्राफरला विचारावी.

बाहेरच्यांना वाटतं, बटण फिरवलं की झालं. तसं नसतं. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की माइक किंचाळतो. म्हणून स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून उभे करायचे. माइकला स्वतःचा आवाज परत ऐकवत नाही. माणसांचं उलट असतं, ती खूश होतात आणि म्हणतात, अजून थोडा वाढव.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची पाहिली. एका गृहस्थांनी वडिलांच्या शोकसभेला आवाजात घुमारा मागितला होता. म्हणाले, "जरा एको टाका, दुःख भरीव वाटलं पाहिजे." मी टाकला. त्यांनी "आमचे बाबा" म्हटलं की मांडवात चार बाबा फिरायचे. दुसऱ्या एका पुढाऱ्यांनी सार्वजनिक मुतारीच्या उद्घाटनाला पाच माइक लावून घेतले आणि पाण्याच्या निचऱ्यावर बोलता बोलता थेट राष्ट्रापर्यंत पोचले. ज्यांच्यासाठी ती मुतारी होती ते हमाल मागे उभे होते. फीत कापल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. भाषण संपेपर्यंत त्यांनी कसं धरलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

संपादकांनी सांगितलंय, वाचकांना हसू येईल असं काही लिहा. पुढची गोष्ट ऐकताना लोक हसतात खरे. सांगताना मला मात्र अजून राग येतो.

आमच्या गल्लीला लागून एक चर्च आहे. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या. राहणारे बहुतेक खानदेशातले. पुरुष लूमवर पाळीने जातात, बाया घरात बसून साडीला स्टोन चिकटवतात, धागे कापतात. चर्चचे लोक व्यारा-सोनगढकडचे आदिवासी. कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी कचेरीत. मधे एक उंच भिंत. भिंतीपलीकडे बरंचसं मोकळं अंगण, अलीकडे आमची पोरं टेम्पोच्या चाकांमधून क्रिकेट खेळणारी. त्या भागात मोकळी जागा तेवढीच, आणि तिला कुलूप.

तिथे नवे पाळक आले. चर्चच्या पुजाऱ्याला तिकडे पाळकसाहेबच म्हणतात. सुतकी चेहऱ्याचा, सँडल फाटेपर्यंत वापरणारा माणूस. नाताळच्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या कुटुंबांसाठी मेळा ठेवायचं ठरवलं. पोरांचे खेळ, डोळे तपासणी, गाणी, शेवटी जेवण. साऊंड माझा.

तेव्हापासून आजपर्यंत मला एकच प्रश्न विचारला जातो. चर्चवाले हे का करतात? पानाच्या टपरीवर विचारतात, बँकेतले जोशी विचारतात, आमच्या मराठी मंडळात तर भुवया उंचावून विचारतात. मी गणपतीच्या भंडाऱ्याला कर्णे लावले, नवरात्रात बिल्डरने वाटलेल्या वह्यांचं निवेदन माझ्या माइकवरून झालं, शेठलोकांनी पाणपोईवर आजोबांचं नाव पाण्याच्या तोटीपेक्षा मोठं लिहिलेलं पाहिलं. त्यांना कुणी, का करता, म्हणून विचारलं नाही. हा प्रश्न फक्त भिंतीपलीकडच्यांसाठी राखून ठेवलेला आहे.

तरी मी विचारला. वायर गुंडाळता गुंडाळता विचारला. पाळकसाहेब गुजरातीत बोलले, मी मराठीत देतो. म्हणाले, "आमच्या गावी नाताळचं जेवण सगळ्या फळियाचं, अख्ख्या वस्तीचं असायचं. कोण चर्चला येतो, कोण नाही, हे ताटावर बसताना कुणी बघत नसे. इथे आलो तर आम्ही भिंतीच्या आत जेवतो आणि भिंतीवर चढून तुमची पोरं बघतात. मला घास उतरत नाही."

"आणि नाताळातच का?"

"दिवाळीला तुमची गल्ली गावाला जाते. आखाजीला जाते. डिसेंबरात कुणी कुठे जात नाही."

उत्तर एवढंच होतं. यावर सभा-संमेलनं होऊ शकत नाहीत म्हणून बहुधा ते कुणाला पटत नाही.

पहिल्या वर्षी फजिती झाली. चर्चचे सेक्रेटरी विल्सनभाई, बँकेतून निवृत्त, कोटाच्या खिशाला कायम बिल्ला. त्यांनी गेटवर भलामोठा बॅनर लावला. सहपरिवार पधारो, भोजन निःशुल्क, आणि खाली कमिटीचे फोटो, येशूपेक्षा मोठे. पुरी-भाजीच्या पराती भरल्या. पोरं खेळायला आली, बक्षिसं घेतली, आणि जेवायच्या वेळी घरी निघून गेली. मोठं माणूस एकही आलं नाही. विल्सनभाई मला म्हणाले, "काका, तुमच्या लोकांना आमचं अन्न चालत नाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब स्वतः गल्लीत आले. पहिल्याच दारात मंगलाबाई साडीवर वाकून बसल्या होत्या. नवरा लूमवर, दोन मुली शाळेत, गल्लीत लग्न असो की मयत, पुढे होणारी बाई. त्यांनी हातातलं काम बाजूला न ठेवता, आमच्याकडे सगळे बोलतात त्या खिचडी हिंदीत सांगितलं, "आवतन नही दिया तो कैसे आयेंगे साहेब? बॅनर तो साडी की दुकान भी लगाती है।"

आमच्याकडे आवतण दारात येऊन द्यायचं असतं. त्यातही प्रकार आहेत. नुसतं "जेवायला या" म्हटलं तर घरातला एक माणूस जातो. "चूलबंद" म्हटलं तर सगळं घर जातं, पाहुण्यासकट. मग त्या घरात त्या वेळेला चूल पेटवायची नाही. आता गॅस आहे, पण शब्द तोच. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. आणि म्हणूनच, ज्याने चूलबंद सांगितलं त्याच्यावर त्या घराच्या पोटाची जबाबदारी येते. जेवण कुणाचंही असो, उपाशी परतलेलं घर त्याच्याच नावावर लागतं, आणि गल्ली ते विसरत नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "मग आम्ही येतो दारोदार."

मंगलाबाई म्हणाल्या, "तुम्हाला कोण ओळखतं? माझ्यासोबत या."

पुढच्या नाताळच्या आधी मंगलाबाई आणि पाळकांची बायको मरियमबेन, दोघी घरोघर गेल्या. मंगलाबाई उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "चूलबंद शे बरं. कोन्ही घर रांधानं नही." मरियमबेन नुसते हात जोडायच्या. जेवण वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी ठरलं. विल्सनभाईंना केक हवा होता. मंगलाबाईंनी केकला हरकत घेतली नाही, पण त्यावर कुणी चूल बंद करणार नाही हे सांगितलं.

त्या दिवशी दुपारपासून अंगणात गल्लीतल्या आणि चर्चमधल्या बाया मिळून बट्ट्या वळत होत्या. खेळ झाले. गाणी झाली. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने माइक हातात घेऊन सुरुवात केली, "ज्यांना नवं जीवन पाहिजे त्यांनी हात वर करा." पाळकसाहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बंद करा." मी पाहत राहिलो. ते म्हणाले, "जेवायला बोलावलंय. हात वर करायला नाही." मी बटण खाली केलं. प्रचारकाचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तिथे काय काय बोललं गेलं ते सगळं माझ्या यंत्रातून गेलेलं आहे. ज्यांना शंका आहे ते तिथे नव्हते, मी होतो.

सूर्य कलला. पंगतीच्या पट्ट्या पसरल्या. गल्ली सगळी येऊन बसली, धुतलेले कपडे, तेल लावलेली पोरं. वरणाला फोडणी बसली होती. आणि जेवण वाढेनात. का, तर विल्सनभाईंनी परस्पर एक प्रमुख पाहुणे ठरवले होते, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कापडाची मिल असलेले शेठ. ते निघाले होते. थोड्या वेळाने ते पुन्हा निघाले होते. आणखी थोड्या वेळाने कळलं की ते आता खरोखर निघाले आहेत.

मंगलाबाई दोनदा स्टेजपाशी आल्या. "विल्सनभाई, पोरं रडताय. वाढू द्या."

"बेन, शेठ दीप प्रगटावे पछी. पाच मिनिट."

"ते कुठे राहतात?"

"वेसू."

"मग त्यांच्या घरी चूल चालू असेल ना," असं म्हणून त्या परत जाऊन बसल्या.

मला इथे खरा संताप सांगायचा आहे. माणसं उपाशी बसवून दिवा लावायची वाट बघणं हे मी देवळातही पाहिलं, शाळेतही पाहिलं. चर्चवाल्यांनी आमच्यापासून काही शिकायचं तर ते वरण-बट्टी शिकायचं होतं. त्यांनी नेमकं हे उचललं.

पाहुण्यांऐवजी गेटातून चार-पाच तरुण आले. कुणा स्थानिक भाईंचे कार्यकर्ते. पुढचा मोबाइल उंच धरून चित्रण करत होता आणि हिंदीत ओरडत होता, "किसने बुलाया है तुम लोगों को? खाना खिलाके धरम बदलवा रहे हैं! बोलो, किसने बुलाया?"

मी कमिटीकडे पाहिलं. कमिटी एकमेकांकडे पाहत होती. पाळकसाहेब पुढे येऊ लागले, तर विल्सनभाईंनी त्यांचा दंड धरला. मग विल्सनभाई माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "काका, तमे बोली दो ने. जमवानुं केन्सल. पार्सल घरी पोचवू, नंतर."

मी माइक काढून त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही बोला."

हा माणूस एरवी माइक हातातून सोडत नसे. एकदा आभार मानताना त्याने वॉचमनच्या गावाचेही आभार मानले होते. आज त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. म्हणाला, "कमिटीच्या वतीने तुम्हीच." मी माइक परत स्टँडला लावला. कमिटीच्या वतीने मी कधी जन्माला आलो नव्हतो.

तेवढ्यात मागून अहिराणीत उत्तर आलं, "मी बलावं." मी बोलावलं.

मंगलाबाई पंगतीतून उठून त्या मोबाइलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पोराने विचारलं, "क्रिश्चियन हो?"

"मन्हा घर कानबाई बसस. गये सावनमा तू जेवाले उनथा ना, निलेश? तवय इचारं का, काबर बलावं?"

कानबाई ही आमची श्रावणात घरी बसवायची देवी, आणि निलेश आमच्याच गल्लीतला. हिंदी फक्त मोबाइलसाठी होती. तो म्हणाला, "मंगलाकाकू, तुमले समजत नही. हाई येगळं शे."

"मी चूलबंद सांगेल शे. तुन्हा घरबी. तुन्ही माय ती पाय तठे बठेल शे. घर जाईसन काय खाशी?"

निलेशने पाहिलं. त्याची आई खरंच तिसऱ्या ओळीत बसली होती, पदर डोक्यावर, पुढ्यात पत्रावळ. तिने मुलाकडे अशा नजरेने पाहिलं की त्याचा मोबाइल आपोआप खाली आला. पण सोबतचे खाली यायला तयार नव्हते. एकाने भाईंना फोन लावला आणि भाईंचा निर्णय मोठ्याने सांगितला, "चर्च के अंदर एक भी आदमी नहीं खाएगा।"

विल्सनभाई लगेच म्हणाले, "बरोबर छे. सांभळो, बरोबर छे."

मंगलाबाईंनी विचारलं, "अंदर नही ना?"

"अंदर नहीं।"

"बाहेर?"

त्या पोराला भाईंनी तेवढंच सांगितलं होतं. मंगलाबाई वळल्या आणि बायांना म्हणाल्या, "उचला वं." वरणाच्या मोठ्या पातेल्याचा एक कान त्यांनी धरला. दुसरा धरायला जी बाई पुढे आली ती निलेशची आई. मग पट्ट्या गुंडाळल्या गेल्या, बट्टीची टोपली डोक्यावर गेली, वांग्याचं पातेलं मरियमबेन आणि एका नर्सने धरलं. सगळी पंगत गेटातून बाहेर पडली आणि गल्लीत, टेम्पो पुढे ढकलून, पुन्हा बसली. पाळकसाहेब बादली उचलून मागे धावले. कमिटी आत राहिली. कार्यकर्ते गेटात उभे राहिले. आत कुणी जेवत नव्हतं, त्यामुळे त्यांचं काम झालं होतं.

पाळकसाहेब वरण वाढत गेले. एका म्हाताऱ्याने त्यांना थांबवून विचारलं, "तुम्ही कधी जेवणार?" ते म्हणाले, "तुमच्यानंतर." म्हातारा म्हणाला, "मग आवतन कोन्हं शे, तुमनं का आमनं?" आणि सरकून त्याने बाजूला जागा केली.

आणि आता प्रमुख पाहुणे आले.

रिकाम्या अंगणात, कमिटीच्या टाळ्यांमध्ये, शेठांनी दिवा लावला. हार घातला गेला. माझं यंत्र चालूच होतं आणि शिकवणीप्रमाणे मी कर्णे लोकांच्या बाजूला, म्हणजे गल्लीकडे तोंड करून लावले होते. शेठ माइकवर आले. समोर कुणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही; अशा माणसांना समोर कुणी असावंच लागत नाही. ते म्हणाले की या गरीब कुटुंबांच्या चेहऱ्यावर हास्य पाहून त्यांना धन्य वाटतं. ती कुटुंबं भिंतीपलीकडे बट्टी चुरत होती. शेठ दानाचं महत्त्व सांगू लागले.

मंगलाबाई गेटातून आत आल्या, हाताला वरण, सरळ माझ्यापाशी. म्हणाल्या, "आप्पा, त्याले जरा हळू कर. पोरं जेवी र्‍हायनात."

मी त्याला हळू केलं. इतकं हळू की फक्त त्याला स्वतःला ऐकू यावं. तो पुढे बोलत राहिला आणि खूश होता.

गल्लीतलं एकही घर त्या दिवशी उपाशी झोपलं नाही. निलेशही जेवला, मोबाइल मांडीखाली ठेवून. पण हे इथे संपत नाही, संपलं असतं तर मी चिडलो नसतो. निलेशने काढलेलं चित्रण त्याच्या मित्रांनी फिरवलंच. त्यात मंगलाबाईंचं "मी बलावं" एवढंच ठेवलं होतं, कानबाई कापून टाकली होती. साड्या देणाऱ्या दलालाने त्यांना महिनाभर माल दिला नाही. मराठी मंडळात एका सद्गृहस्थांनी मला सांगितलं की अशा भोळ्या बायांनाच हे लोक हाताशी धरतात. भोळ्या. मी त्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नाची आठवण करून दिली. तिथे साऊंड माझाच होता. आमदार यायचे होते म्हणून त्यांनी अंतरपाट तासभर धरून ठेवला होता.

आणि चर्चच्या कमिटीने काय केलं? ठराव केला. मेळा फक्त सभासदांसाठी. स्थानिक कुटुंबांसाठी चौकात छापील डब्यांतून अन्नवाटप, प्रत्येक डब्यावर चर्चचं नाव, घेणाऱ्याने डबा छातीशी धरून फोटोला उभं राहायचं. पाळकसाहेबांची बदली झाली. जाताना ते दारोदार फिरून 'येतो' सांगून गेले, दारात जाऊन सांगणंही आता त्यांना येत होतं. का करता, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर होतं. ते गेले आणि प्रश्न विचारणारे खरे ठरले, कारण आता खरंच फोटोसाठी चाललं होतं. दोन्ही बाजूंनी मिळून त्या माणसाला खोटं पाडलं, आणि यात त्यांचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही.

मी दुकान बंद केलं आहे. साहित्य भाच्याला दिलं. त्याच्याकडे बटणांऐवजी स्क्रीन आहे, पण शेठ तेच आहेत.

मागच्या नाताळच्या आधी विल्सनभाई मंगलाबाईंकडे आले. मी ओट्यावर बसलो होतो. डब्याच्या वाटपाला गर्दी होत नव्हती. मोठे पाहुणे येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. विल्सनभाई उभ्यानेच म्हणाले, "बेन, एक वार बधांने कही दो ने. तुम्ही सांगितलं की येतात."

मंगलाबाईंनी स्टोनला गोंद लावून तो जागेवर बसवला. "चूलबंद सांगू?"

"हा, हा, ते जे काय असतं ते."

"बसवून वाढणार?"

"ना बेन, डब्बा. अंदर ही सब आयटम छे."

"पाहुण्याच्या आधी की नंतर?"

विल्सनभाईंनी घाम पुसला. म्हणाले, "ए तो कमिटीने नक्की करवानुं."

"मग कमिटीला जाऊ द्या दारोदार," मंगलाबाई म्हणाल्या आणि साडीचा काठ पुढे ओढून घेतला. विल्सनभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, तुम्ही समजवा ना हिला."

मी म्हटलं, "मी फक्त आवाज वाढवायचो विल्सनभाई. यांचा आधीच पुरेसा आहे."

ते गेले. मंगलाबाईंनी पुढचा स्टोन बसवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आप्पा, मरियमबेनना फोन लाव. सांग, आमना घर या जेवाले. चूलबंद."